देवगुराडिया कचराभूमी, इंदूर

देवगुराडिया कचराभूमी : मध्य प्रदेशातील इंदूर शहराचा कचरा जेथे अनेक वर्षे साठत गेला आणि जेथे आज ओल्या कचऱ्यापासून गॅस व खत तयार होते, ती नेमावर रस्त्यावरची जागा. शहरातली मराठी माणसेही तिला ‘ट्रेंचिंग ग्राउंड’च म्हणतात. देवगुराडिया हे मुळात महादेवाच्या जुन्या देवळाचे ठिकाण. महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते. मधली काही वर्षे मात्र गावाचे नाव काढले की देवळाआधी दुर्गंधी आठवे. कचऱ्यातून मिथेन कसा होतो, त्याचा त्रास कोणाला होतो आणि त्याला नेमके कोठे अडवता येते, हे समजून घ्यायला या जागेइतके चांगले उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

मिथेन कसा तयार होतो : भाजीची देठे, ताटात उरलेले अन्न, निर्माल्य, पालापाचोळा हे सारे मोकळ्या हवेत कुजले तर त्यातला कार्बन मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि मागे खत उरते. तेच पन्नीत (इंदुरात प्लास्टिकच्या पिशवीला हाच शब्द) गाठ मारून फेकले आणि त्यावर दुसऱ्या दिवसाचा ढीग पडला की आतली हवा संपते. मग हवेवाचून जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. ते आधी अन्नातले मोठे रेणू फोडतात, त्यांची आम्ले करतात आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून वायू तयार करतात. ढिगातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि जवळजवळ तितकाच कार्बन डायऑक्साइड असतो. एकदा ढीग बंद झाला तरी आतले काम थांबत नाही. कचरा टाकणे बंद केल्यावरही कित्येक वर्षे वायू झिरपत राहतो.

मिथेनला स्वतःचा वास नसतो. कचराभूमीजवळ नाकाला झोंबते ते हायड्रोजन सल्फाइड आणि कुजण्यातून निघणारी इतर संयुगे. त्यामुळे वास कमी झाला म्हणजे मिथेनही गेला, असे धरून चालत नाही. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगी पुरते. वातावरणात तो साधारण 12 वर्षे टिकतो. पण 100 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आणि 20 वर्षांच्या हिशेबात 80 पटींहून अधिक उष्णता अडकवतो. याची दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे. आज मिथेन रोखला तर त्याचा परिणाम नातवंडांपर्यंत थांबावा लागत नाही, आपल्याच हयातीत दिसू शकतो.

ढिगाशेजारचे जगणे : उन्हाळ्यात कचऱ्याचा ढीग वरून कोरडा, राखाडी दिसतो. जवळ गेले की एखाद्या फटीतून बारीक धूर येत असतो, ज्वाळा नसतेच. आग आत, काही फूट खोल धुमसत असते. अग्निशामक दलाचा बंब पाणी मारतो, वरचा थर विझतो आणि दुसऱ्या दिवशी धूर पलीकडच्या फटीतून निघतो. मिथेन आणि साठलेली उष्णता यांमुळे आग आतल्या आत टिकते आणि तिच्याबरोबर पन्न्या, रबर, चिंध्या जळत असल्याने धूर विषारी होतो. 2016 च्या जानेवारीत मुंबईच्या देवनारला (तेथे 1927 पासून कचरा टाकला जातो) अशीच आग लागली, तेव्हा धुरामुळे महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. देवगुराडियाच्या आसपासच्या वस्त्यांनीही उन्हाळ्यातला हा धूर अनुभवला आहे.

पावसाळ्यात दुखणे बदलते. पाणी ढिगातून मुरत खाली येते आणि काळा, आंबूस स्राव होऊन बाहेर पडतो. तळाशी अस्तर नसलेल्या जुन्या कचराभूमीत हा स्राव जमिनीत आणि विहिरींत उतरतो. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली, त्यामागे हेच पाणी होते. शहराने कचरा करावा आणि गावाने तो सोसावा, ही वाटणी अन्यायाची आहे. तांत्रिक अहवालांत ती ‘परिसरातील रहिवाशांची गैरसोय’ एवढ्या शब्दांत आटपली जाते, म्हणून येथे स्पष्ट लिहिले आहे.

जुना वारसा : इंदूरचा आणि कचऱ्याचा संबंध स्वच्छता सर्वेक्षणापेक्षा (शहरांच्या स्वच्छतेची केंद्र सरकारची क्रमवारी) फार जुना आहे. होळकर दरबाराने नगररचनेसाठी बोलावलेले स्कॉटिश अभ्यासक पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये आपला अहवाल दिला. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीला शहरातून एक मिरवणूक काढवली होती. तीत सफाई कामगार नव्या झाडूंसह, स्वच्छ कपड्यांत, मानाने चालत होते आणि शेवटी घाणीच्या राक्षसाचे व प्लेगच्या उंदराचे पुतळे जाळण्यात आले. मिरवणुकीच्या वाटेवरची घरे-गल्ल्या लोकांनी आधीच झाडून-पुसून घेतल्या होत्या.

त्यानंतर काही वर्षांनी, 1924 मध्ये, ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे वनस्पती-उद्योग संस्था उभारली. खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ तेथे सिद्ध झाली आणि जगभर त्याच नावाने पसरली. तिची मांडणी हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून 1931 च्या ग्रंथात केली. शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची आणि ठराविक दिवसांनी ढीग उलथायचा. तीनेक महिन्यांत खत तयार. उलथण्याला येथे सर्वांत जास्त महत्त्व आहे, कारण त्याने ढिगात हवा जाते, आणि हवा असली की मिथेनजनक सूक्ष्मजीवांचे फावत नाही. पुढे त्याच आवारात इंदूरचे कृषी महाविद्यालय आले. खताला ज्याचे नाव मिळाले त्याच शहराबाहेर बिनहवेचा डोंगर उभा राहिला, हे वाचताना वाईट वाटते.

डोंगर हटला : ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ असे आपण म्हणतो. देवगुराडियाचे 2018 मध्ये फिटले. सुमारे 100 एकरांवर पसरलेला 13 लाख टनांच्या आसपासचा जुना कचरा जैवउत्खनन पद्धतीने काढण्यात आला. ढीग खणायचा, लांब ओळींत पसरायचा, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारायचे, सुकू द्यायचा आणि मग मोठ्या फिरत्या चाळण्यांतून चाळायचा. खाली पडते ती मातीसारखी भुसभुशीत भुकटी. तिचा भरावासाठी व झाडांसाठी उपयोग होतो. वर राहतात दगड-विटा, काच, धातू आणि पन्न्या. पन्न्या व चिंध्यांसारखे जळण सिमेंट कारखान्यांकडे जाते.

बाहेरच्या कंत्राटाने या कामाला साठ कोटींहून अधिक रुपये लागतील असा अंदाज होता. तेव्हाचे महापालिका आयुक्त आशीष सिंह यांनी कंत्राटाऐवजी यंत्रे भाड्याने घेऊन दोन पाळ्यांत चालवली, आणि सहा महिन्यांच्या आसपास, 10 कोटींच्या आत काम उरकले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर झाडे लावली गेली. ढीग खणताना आत कोंडलेला वायू बाहेर पडतोच, त्यामुळे हे काम निर्धोक नसते. पण पुढची कित्येक वर्षे झिरपणारा स्रोत त्याने संपतो.

दारातली गाडी : डोंगर हटवणे हे अर्धेच काम. दुसरे अर्धे इंदूरच्या उंबरठ्यावर होते, आणि खरे अवघड तेच. 2015 पासून काही वॉर्डांत प्रयोग करून महापालिकेने घरोघरच्या गाड्या सगळ्या शहरात पोहोचवल्या. तेव्हा महापौर मालिनी गौड आणि आयुक्त मनीष सिंह होते. 2017 च्या स्वच्छता सर्वेक्षणात शहर देशात पहिले आले आणि पुढे 2023 पर्यंत सलग पहिलेच राहिले (2023 मध्ये सुरतेबरोबर).

इंदूरच्या रामबाग वस्तीतल्या कोणत्याही सकाळी हे पाहता येते. गाडीचे गाणे कोपऱ्यावर ऐकू आले की पोह्यांचा गॅस बारीक करून काकू डबे घेऊन खाली येतात. गाडीला कप्पे आहेत : ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक. मदतनीस डब्यात डोकावतो. चहाच्या गाळात दुधाची पिशवी दिसली तर ‘भाभी, इसको अलग करो’ म्हणतो आणि डबा परत करतो. शेजारी बघत असतात. दंडाची तरतूद आहे, पण चार लोकांदेखत डबा परत येणे हे दंडापेक्षा जास्त लागते. गणेशोत्सवात निर्माल्यासाठी वेगळी सोय असते. देवाचे फूल उकिरड्यावर जात नाही, याचे घरातल्या वडीलधाऱ्यांना समाधान असते.

मिथेनची लढाई जिंकली जाते ती या डोकावण्यात. ओला कचरा स्वच्छ हातात आला तरच त्याचा गॅस किंवा खत होते; एकदा मिसळला की जगातले कोणतेही यंत्र त्याला पूर्ववत करू शकत नाही. अनेक शहरांनी आधी यंत्रे घेतली आणि वर्गीकरण नंतर पाहू म्हटले. त्यांची यंत्रे का गंजली, याचे कारण येथे आहे.

गॅस प्रकल्प : 19 फेब्रुवारी 2022 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देवगुराडियाच्याच जागेवरच्या ‘गोबर-धन’ बायो-सीएनजी (कचऱ्यापासून वाहनांचा गॅस) प्रकल्पाचे दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झाले. क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा. त्यातून रोज 17,000 किलो सीएनजी आणि 100 टन खत मिळावे अशी रचना. प्रकल्प खाजगी भागीदारीतून उभा राहिला. निम्मा गॅस महापालिका बाजारभावापेक्षा 5 रुपये कमी दराने घेते आणि त्यावर शहरातल्या बस चालतात. त्याआधी चोइथराम मंडईत भाजीपाल्याच्या कचऱ्यावर छोटा प्रकल्प सुरू झालेला होता.

तंत्र तेच, जे ढिगात घडते. फरक इतकाच की येथे ते बंद टाक्यांत, ठरवून घडवले जाते. कचरा दळून त्याचा पातळ लगदा करतात, टाक्यांत जीवाणू त्याचा बायोगॅस करतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड काढून टाकले की 90 टक्क्यांहून अधिक शुद्ध मिथेन हाती येतो. पूर्ण क्षमतेने रोज 17 टन गॅस धरला आणि तेवढा मिथेन हवेत सुटला असता असे मानले, तर 100 वर्षांच्या हिशेबात तो 450 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका भरला असता. उघड्या ढिगात सगळा कचरा इतक्या पुरेपूर मिथेन होत नाही, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजावा. टाक्या व नळ्यांतून गळती झाली तर हिशेब आणखी खाली येतो; त्यामुळे अशा प्रकल्पांत गळतीची नियमित तपासणी ही उत्पादनाइतकीच महत्त्वाची असते. कचरा-प्रक्रियेतून टळलेल्या उत्सर्जनाचे कार्बन क्रेडिट (उत्सर्जन टाळल्याचे विकता येणारे प्रमाणपत्र) विकून इंदूरने उत्पन्नही मिळवले आहे.

कचरावेचक : जुन्या ढिगावर पन्नी, लोखंड, बाटल्या वेचून जगणारी कुटुंबे होती. धूर सर्वांत जवळून त्यांनीच श्वासात घेतला, आणि कचऱ्यातले मोलाचे ते वेगळे करण्याचे काम शहराआधी त्यांनीच केले. ढीग गेल्यावर त्यांतील काहींना सुक्या कचऱ्याच्या केंद्रांत, फिरत्या पट्ट्यासमोर, हातमोजे आणि ठरलेला रोज असे काम मिळाले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांची पंचाईत झाली : गल्लोगल्लीचा सुका माल आता दारातूनच गाडीत जातो, आणि अटालेवाल्याकडे (भंगारवाल्याकडे) नेण्याजोगे थोडेच उरते. पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. इंदूरने गाड्या व पगारी कर्मचाऱ्यांची वाट धरली.