उतारावर पाणी दिसलं, आग दिसली नाही

मार्च 2023 च्या पहिल्या आठवड्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या म्हादई अभयारण्यात आग लागली आणि बघता बघता ठिकठिकाणचे डोंगर धुमसू लागले. वायुदलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या लटकवून घिरट्या घालत होती. डोंगरउतारावर घर बांधू पाहणाऱ्यापुढे तेव्हापासून एक प्रश्न वाढला आहे: वणवा आला तर घर टिकेल का?

जुन्या गोवेकराला तो पडत नसे, कारण तो उतारावर राहतच नसे. घर पायथ्याशी, समोर शेत, मागे कुळागर म्हणजे बागायत, आणि वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, गुरांना मोकळा. विहिरीला पाणी लागावं, शेत जवळ असावं म्हणून केलेली ही मांडणी. आगीचा विचार त्यात कुणी केला असेल असं नाही. पण घर आणि सुक्या गवताचा डोंगर यांच्यामध्ये पाटाच्या पाण्यावरचं, पोफळी-केळींचं ओलं कुळागर आपसूक आलं. सत्तरीत गवतानं शाकारलेली घरं होती, म्हणजे ठिणगीची भीती घरातच. शेणानं सारवलेलं, रोज झाडलेलं अंगण ही त्यावरची तजवीज म्हणायला हरकत नाही. आज ज्याला अग्निसुरक्षेचा मोकळा पट्टा म्हणतात, तो आपल्या आज्या केरसुणीनं राखत होत्या.

दरम्यान उतारांचं रूप पालटलं. पोर्तुगीजांनी 16 व्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू डोंगरांवर पसरला. पावसात कमरेएवढं वाढलेलं गवत डिसेंबरनंतर वाळतं आणि बोंडू (काजूची फळं) गोळा करायला झाडाखालची जमीन मोकळी हवी म्हणून ते जाळलं जातं. वारा असला की ती आग बागायतीची हद्द मानत नाही.

नंतर घरंही डोंगर चढू लागली. दृश्य हवं, सड्यावरचा वारा हवा, आणि सपाट जमीन परवडत नाही. कायद्यानं उताराकडे पाहिलं, पण पावसाच्या डोळ्यानं. 1974 च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात 1997 साली कलम 17-अ आलं आणि परवानगीशिवाय डोंगर कापायला बंदी झाली. लोकांच्या आंदोलनानंतर 2007 साली राज्याच्या जमीनवापराचा, 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा रद्द झाला. पुढच्या 2021 च्या आराखड्यानं 25 टक्क्यांहून जास्त चढाचे उतार बांधकामासाठी वर्ज्य ठेवले. माती घसरू नये, झरे आटू नयेत, ही त्यामागची काळजी रास्तच आहे. आग मात्र या चर्चेत फारशी नव्हती.

आगीचा हिशेब मांडला तो ऑस्ट्रेलियानं, आणि महागात शिकून. 16 फेब्रुवारी 1983 च्या वणव्यांत तिथे 75 माणसं गेली. वणवाप्रवण भागातल्या बांधकामाचं त्यांचं मानक, एएस 3959, 1991 साली आलं. 7 फेब्रुवारी 2009 ला व्हिक्टोरियात 173 जणांचा बळी गेला आणि त्याच वर्षी त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात गवत-झाडी कोणती, ती घरापासून किती अंतरावर आणि खालचा उतार किती, यावरून घराचा धोका ठरतो. उतार मोजायचं कारण साधं आहे: चढणीवर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते आधीच तापवून ठेवतात. ढोबळ नियम असा की दर 10 अंशांना आगीचा वेग दुप्पट होतो. आपला 25 टक्के चढ म्हणजे साधारण 14 अंश. म्हणजे आराखड्यानं चालवून घेतलेल्या उतारावरही आग सपाटीच्या अडीचपटीनं धावू शकते!

घरं बहुतेकदा ज्वाळेनं नव्हे, उडत्या निखाऱ्यांनी जळतात, हेही तिथेच नीट कळलं. त्या दृष्टीनं आपलं चिऱ्याचं घर निम्मी लढाई जिंकूनच उभं असतं. भिंत पेट घेत नाही. उतारावर खांब उभारून वर घर तोलण्याची जी नवी हौस आहे, तिचीच मला धास्ती वाटते: खालच्या पोकळीत पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, साचतो, लाकूडफाटा रचला जातो, आणि निखारा नेमका तिथेच जाऊन पडतो. त्यापेक्षा परवानगी घेऊन थोडा कापलेला टप्पा आणि त्याला चिऱ्याचा गडगा बरा. वरचं छप्पर मात्र कुठल्याही घराचं तपासावं लागतं. मंगळुरी कौलांच्या फटींखाली वासे आणि रिपा लाकडाच्या असतात, आणि पन्हळीत शिमग्यापर्यंत काजूची वाळकी पानं भरलेली असतात.