‘धर्महिंसा तथैव च’: महाभारतात नसलेला अर्धा श्लोक

गांधीजींनी ‘अहिंसा परमो धर्मः’ एवढेच सांगितले आणि पुढचे ‘धर्महिंसा तथैव च’ (धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच श्रेष्ठ) लपवले, हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. लपवायला ते मुळात हवे ना! पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखिते ताडून १९६६मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ही जोडओळ नाही.

पहिली ओळ मात्र वेगवेगळ्या तोंडी येते. आदिपर्वात रुरू या ऋषिकुमाराला ती एक डुंडुभ (बिनविषारी) सर्प ऐकवतो. वनपर्वात ती मिथिलेतला धर्मव्याध म्हणतो, म्हणजे चक्क मांस विकणारा. आणि ‘हा धर्म सत्यावर उभा आहे’ असे जोडतो. अनुशासनपर्वात पुढे येते ते ‘तथाहिंसा परो दमः’: अहिंसा हाच श्रेष्ठ संयम.

गंमत म्हणजे ‘धर्महिंसा’ या समासाचा सरळ विग्रह ‘धर्माची हिंसा’ असाही होतो!

म्हणून महाभारत युद्धाला नकार देते असे नाही. कृष्ण अर्जुनाला लढायलाच सांगतो. पण शांतिपर्वात भीष्म दंडाची, म्हणजे शिक्षा करण्याच्या अधिकाराची, चर्चा करतात ती राजधर्म म्हणून. तो दंड राजाच्या हाती आहे, रस्त्यावरच्या जमावाच्या नाही.