ऊस, गिरमिट आणि मॉरिशसची संसद

मॉरिशसला मूळ रहिवासी असे नाहीतच. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा बेट निर्मनुष्य होतं. ऊस त्यांनीच जावाहून आणला, आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं आणि पुढे मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण मळे फ्रेंच मालकांकडेच राहिले.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. उसाला मजूर हवेच होते. करारावर, म्हणजे गिरमिटावर, भारतातून सुमारे साडेचार लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या आजही जपल्या आहेत. बहुतेकजण भोजपुरी मुलखातले. मुंबई बंदरातून मराठी कुटुंबंही गेली. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे वाचताना मन भरून येतं.

स्वातंत्र्य मात्र सर्वांना हवं नव्हतं. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं विरोधात गेली. हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपलं काय होईल, ही अनेक क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातल्या, कुटुंबांची भीती होती. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले, ते हे दुभंगलेपण सोबत घेऊनच.

त्या भीतीचं उत्तर राज्यघटनेत आधीच लिहिलं होतं. संसदेचे ६२ सदस्य मतदार निवडतात. त्याशिवाय आठपर्यंत जागा पराभूत उमेदवारांना देता येतात, ज्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळालं त्याचा तोल सांभाळण्यासाठी. समाज चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या', ज्यात क्रिओल आणि फ्रेंच वंशाचे गोरे मळेवाले एकत्र. मराठी माणूस या मोजणीत हिंदूंमध्येच येतो. गुलामांचे वंशज आणि मालकांचे वंशज एका खणात टाकणारी ही वाटणी मला फार खटकते.

अर्थव्यवस्था मात्र उसाच्या बाहेर पडली. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये बेटाचं भवितव्य काळवंडलेलं सांगितलं होतं. १९७० च्या निर्यात क्षेत्राच्या कायद्याने कापड गिरण्या आल्या, साखरेला युरोपचा हमीभाव मिळाला, मग पर्यटन आणि बँका. हमीभाव २००९ मध्ये संपला, तोवर देश इतर धंद्यांवर उभा होता.

समाजांचे आकडे मात्र १९७२ च्या जनगणनेवर थांबले आहेत. त्यानंतरच्या जनगणनांत समाज विचारलाच गेला नाही. पराभूत उमेदवारांना मिळणाऱ्या जादा जागांचा हिशेब अजूनही त्याच आकड्यांवर होतो.