डेटाबेस शिकायचाय? आधी कागद-पेन्सिल घ्या

आमच्याकडे डेटाबेस शिकायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "फॉर्म कसा बनवायचा?" त्याचे उत्तर आम्ही मुद्दाम लांबवतो. फॉर्म हा समोर दिसणारा, माहिती भरण्याचा भाग. माहिती साठते ती टेबलमध्ये, म्हणजे ओळी आणि रकान्यांच्या तक्त्यात. फॉर्म मनासारखा झाला नाही तर दहा मिनिटांत बदलता येतो. टेबलची रचना चुकली आणि त्यात दोन वर्षांच्या नोंदी भरून झाल्या, की ती निस्तरणे फार जड जाते. म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही संगणक सुरूच करत नाही.

एका वाचनालयाची वही डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक ओळीत सभासदाचे नाव, फोन, पुस्तकाचे नाव, लेखक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. एका सभासदाने वर्षात ४० पुस्तके नेली, तर त्याचा फोन ४० वेळा लिहिला गेला. उद्या नंबर बदलला की ४० ठिकाणी दुरुस्ती आली, आणि त्यातली एखादी राहतेच. पुढे कुठला नंबर खरा, हे सांगायला कोणी नसते. एक्सेलमध्येही ही वही अशीच उतरते, म्हणून घोळही तसाच राहतो.

डेटाबेसमध्ये याची तीन टेबले होतात: सभासद, पुस्तके आणि देवघेव. देवघेवीच्या टेबलमध्ये नाव नसते, फोन नसतो. सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक आणि दोन तारखा, एवढेच. फोन एकाच जागी असतो, तिथे बदलला की सगळीकडे बदलला. टेबले अशी एकमेकांशी जोडण्याची कल्पना आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. डेटाबेस बनवण्याचे आजचे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्सेस असो की लिबरऑफिस बेस, पाया तोच आहे. ही एक गोष्ट नीट उमगली की निम्मे शिकून झाले, असे आम्ही मनापासून मानतो.

सभासद क्रमांक सॉफ्टवेअरलाच देऊ द्या. नाव ही ओळख म्हणून वापरू नका. एकाच नावाचे दोघे कधी ना कधी येतातच. एखादी नोंद पुसली की तिचा क्रमांक पुन्हा वापरला जात नाही, त्यामुळे मध्ये १७ नंतर थेट १९ दिसेल. त्यात काही बिघडलेले नाही.

टेबलच्या प्रत्येक रकान्याला माहितीचा प्रकार ठरवून द्यावा लागतो. फोन नंबर मजकूर म्हणून साठवा, संख्या म्हणून नाही. संख्या केलीत तर सुरुवातीचे शून्य गळते. पैशांसाठी चलनाचा प्रकार निवडा. वय साठवू नका, जन्मतारीख साठवा. वय त्यावरून केव्हाही काढता येते.

मराठीत नोंदी करणाऱ्यांनी एक गोष्ट जपायला हवी. 'कऱ्हाडे' हे आडनाव दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण आतली अक्षरे निराळी असतात. मग शोधताना एक सापडते, दुसरे सापडत नाही, आणि "नोंद गेली कुठे?" म्हणून शोधाशोध सुरू होते. कार्यालयात सगळ्यांनी आपापल्या संगणकावर एकाच पद्धतीचा मराठी कीबोर्ड वापरावा, आणि तोही युनिकोडचा, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीचा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर अकारविल्हे यादी कधीच नीट लागणार नाही.

क्वेरी म्हणजे टेबलला विचारलेला प्रश्न. कोणती पुस्तके अजून बाहेर आहेत? म्हणजे, परत आल्याची तारीख कोणत्या नोंदींत रिकामी आहे? इथे नवे लोक हमखास अडतात. अटीच्या जागी शून्य टाकून पाहतात, काहीच येत नाही. रिकामे म्हणजे शून्य नव्हे. त्यासाठी 'इज नल' (Is Null, म्हणजे 'रिकामे आहे') अशी अट लिहावी लागते. ती लिहून बाहेर असलेल्या पुस्तकांची यादी पहिल्यांदा समोर येते, तेव्हा शिकणाऱ्याचा चेहरा खुलतो. आम्हालाही तो क्षण फार आवडतो.

आता सवयीबद्दल. वर्डमध्ये सेव्ह न करता फाइल बंद केली की केलेले बदल जातात. अ‍ॅक्सेसमध्ये तसे नाही. तुम्ही एका नोंदीवरून दुसरीवर गेलात की पहिली आपोआप सेव्ह झालेली असते. चूक लक्षात आली तर ओळ सोडण्याआधीच एस्केप दाबा. पुसलेली नोंद मात्र 'अनडू'ने परत येत नाही. त्यामुळे रोज काम संपल्यावर फाइल बंद करा, तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि प्रतीच्या नावात तारीख लिहा.

अ‍ॅक्सेसच्या एका फाइलची मर्यादा २ जीबी आहे. नोंदी पुसल्या तरी फाइल आपणहून लहान होत नाही; अधूनमधून फाइल आटोपशीर करणारी 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही अ‍ॅक्सेसमधली सोय चालवावी लागते, तेही बॅकअप घेतल्यावरच. चालू फाइल क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी उघडू नका. ती खराब होण्याचा धोका असतो. एकापेक्षा जास्त जण काम करणार असतील तर आम्हाला आधी सांगा. टेबले एका फाइलमध्ये सामायिक जागी आणि फॉर्म प्रत्येकाच्या संगणकावर, अशी विभागणी करून देऊ. मॅक वापरत असाल तर तेही कळवा. त्यावर अ‍ॅक्सेस चालत नाही, पण लिबरऑफिस बेस चालते आणि ते मोफत आहे.

पहिल्या बैठकीला येताना तुमच्या सध्याच्या वहीची किंवा शीटची चार-पाच पाने आणा, खाडाखोड असलेली असली तर उत्तमच. सोबत, या नोंदींतून तुम्हाला रोज कोणते प्रश्न विचारायचे असतात, ते एका कागदावर लिहून आणा. टेबले आपण त्या प्रश्नांवरूनच आखू.