ट्रेमोलो की व्हायब्रॅटो? ड्युआन एडीच्या गिटारमधली दुहेरी थरथर

अमेरिकन गिटारवादक ड्युआन एडीच्या ‘रेबेल राउझर’ या धूनची सुरुवात हेडफोन लावून ऐका. आधी एकटी गिटार येते, तीही जाड तारांवरची, खर्जातली. चाल इतकी साधी की दुसऱ्यांदा ऐकताना आपण ती गुणगुणू लागतो. मग साथ येते, टाळ्या येतात, सॅक्सोफोन येतो, अधूनमधून पट्टी अर्ध्या सुराने वर चढते. १९५८ साली हे बाजारात आलं तेव्हा एडी जेमतेम वीस वर्षांचा होता. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात शब्द नाहीत, गायक नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती गिटारची थरथर.

या थरथरीला कुणी ट्रेमोलो म्हणतं, कुणी व्हायब्रॅटो. बरेच गिटारवाले हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. खरं तर एडीच्या वाजवण्यात दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या ऐकू यायला लागल्या की त्याच्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांची गिटारही वेगळी ऐकू येते, म्हणून हा खटाटोप.

व्हायब्रॅटोमध्ये सूर हलतो. तो आपल्या जागेवरून किंचित खाली-वर होत राहतो. व्हायोलिनवाला तारेवरचं बोट डोलवतो तेव्हा हेच घडतं. ट्रेमोलोमध्ये सूर जागचा हलत नाही, हलतो तो आवाजाचा जोर: मोठा, लहान, मोठा, लहान. हे समजायला आपल्याकडे पेटी आणि सतार ही जोडी फार सोयीची आहे. सतारीची तार पडद्यावर बाजूला खेचली की सूर सरकतो. पेटीत तसं करता येत नाही, पट्टी दाबली की जो सूर मिळेल तोच. पण पेटीचा भाता हलक्या हाताने थरथरवला तर आवाज थरथरतो आणि सूर तिथेच राहतो. काही पेट्यांना तर खास यासाठी एक स्टॉप असतो. तो ओढला की हवेच्या वाटेवरची लहानशी झडप फडफडू लागते. तो झाला ट्रेमोलो. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार मात्र सूर हलण्याच्या बाजूचा. आंदोलन म्हणजे व्हायब्रॅटो असं मी म्हणत नाही, दोन्हींची चाल आणि हेतू फार वेगळे आहेत. पण हलतं काय, एवढंच पाहायचं तर दोन्हींत सूरच हलतो.

इतका सरळ फरक असताना घोटाळा कसा झाला? याचं बरंचसं श्रेय फेंडर कंपनीला जातं. १९५४ साली त्यांची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली. तिच्या ब्रिजला, म्हणजे अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागाला, एक दांडी असते. ती दाबली की तारा सैल पडतात आणि सूर उतरतो, म्हणजे हा व्हायब्रॅटो. पण लिओ फेंडर यांनी पेटंट घेतलं ते ‘ट्रेमोलो’ यंत्रणा म्हणून, आणि ती दांडी आजही जगभर ट्रेमोलो आर्म याच नावाने विकली जाते. त्याच कंपनीच्या ट्विन रिव्हर्बसारख्या ॲम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर, एका चॅनेलला ‘व्हायब्रॅटो’ असं नाव छापलेलं असतं. त्याच्या आत एक छोटा निऑन दिवा लुकलुकतो, समोरचा प्रकाशाला संवेदनशील भाग त्या तालात आवाज दाबतो आणि सोडतो. सूर तसूभरही हलत नाही. म्हणजे गिटारवर लिहिलंय ट्रेमोलो आणि मिळतो व्हायब्रॅटो, ॲम्पवर लिहिलंय व्हायब्रॅटो आणि मिळतो ट्रेमोलो. नवीन शिकणाऱ्याने गोंधळू नये तर काय करावं!

आता एडीकडे. त्याची ग्रेच ६१२० ही पोकळ अंगाची नारिंगी गिटार होती आणि तिच्यावर बिग्सबीची दांडी होती. कॅलिफोर्नियातले यंत्रकारागीर पॉल बिग्सबी यांची ही रचना. तारा एका गोल दांड्याला गुंडाळलेल्या असतात, दांडीखाली स्प्रिंग असते. दांडी दाबली की गोल दांडा थोडा फिरतो आणि सगळ्या तारा एकदम सैलावतात. स्ट्रॅटोकास्टरइतका सूर ती उतरवू शकत नाही, तिचा पल्ला लहान. पण एडीला पल्ला नकोच होता. ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर तो हाताने हलकेच डोलवायचा, एखाद्या गायकाने शेवटचा शब्द सोडताना डोलवावा तसा. गायक नसलेल्या संगीतात गायकाचं काम ही दांडी करत होती.

दुसरी थरथर विजेची. ती एकसारखी, घड्याळासारखी, वाजवणाऱ्याच्या मनाची पर्वा न करणारी. हिचा सुरुवातीचा उस्ताद एडी नव्हे, शिकागोचा गिटारवादक बो डिडली. १९५५च्या त्याच्या पहिल्या तबकडीवर डीआर्मंड कंपनीच्या ट्रेमोलोच्या डबीची करामत ऐकू येते. त्या डबीची रचना पाहण्यासारखी आहे: आत वीज वाहून नेणाऱ्या द्रवाची कुपी, ती मोटरने हलवायची, द्रव हिंदकळून धातूच्या कांडीला लागला की गिटारचा सिग्नल अर्थिंगकडे वळतो आणि आवाज पडतो, द्रव मागे सरला की आवाज परत उठतो. बो डिडलीने ही थरथर तालवाद्यासारखी वापरली. एडीने तीच खर्जातल्या चालीवर पसरली.

त्याच्या आवाजातली तिसरी गोष्ट म्हणजे घुमारा, आणि तिलाही अनेकदा या दोन्हींत ढकललं जातं. निर्माता ली हेझलवूडने ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात सुमारे २,००० गॅलनची पाण्याची रिकामी टाकी मिळवली होती. टाकीत एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. गिटारचा आवाज टाकीत घुमून परत यायचा. हा घुमारा झाला, थरथर नव्हे.

माझं मत विचाराल तर एडीचं मोठेपण बिग्सबीवरच्या हातात आहे. ट्रेमोलोची डबी पैसे देऊन घेता येत होती. सूर कुठे स्थिर ठेवायचा आणि कुठे सोडायचा हे कुठेच विकत मिळत नव्हतं. तो कमी सूर वाजवायचा, म्हणून प्रत्येकाला डोलायला जागा होती. १९६० साली ब्रिटनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी आपल्या कौलात त्याला एल्विसच्या पुढे नेऊन ठेवलं होतं, यावरून त्याची तिथली लोकप्रियता कळेल. त्याच वर्षी शॅडोज या ब्रिटिश बँडच्या ‘अपाची’त गिटारवादक हँक मार्विनने स्ट्रॅटोकास्टरच्या दांडीने चाल अशीच गायला लावली. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९७५च्या ‘बॉर्न टू रन’मधली जाड, खणखणीत गिटार एडीच्या घराण्याची आहे. १९८७च्या एडीच्या अल्बमवर बीटल्सचे पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन वाजवायला आले.

विजेच्या थरथरीचा वंश वेगळ्या वाटेने गेला. १९८४ साली स्मिथ्स या ब्रिटिश बँडच्या ‘हाउ सून इज नाऊ?’साठी त्यांच्या जॉनी मारची गिटार एकदम चार ट्विन रिव्हर्बमधून सोडली होती. ‘व्हायब्रॅटो’ लिहिलेले तेच ॲम्प. चारही थरथरी एका लयीत राहीनात म्हणून पुन्हा पुन्हा थांबून वेग जुळवावे लागत. ही बो डिडलीची वाट, आणि या थरथरीत सूर डोलत नाही.

कानावर विश्वास बसत नसेल तर फोनवर सूर जुळवायचं ॲप उघडा आणि गिटारचा एकच सूर लांबवा. दांडी हलवली की काटा डावी-उजवीकडे झुलतो. ॲम्पची थरथर लावली की काटा मधोमध स्थिर राहतो. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये तीच थरथर मण्यांच्या माळेसारखी दिसते, फुगलेली आणि बारीक झालेली. दुकानात पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची परिणामांची डबी, घेतानाही नावाकडे पाहू नका. ते लावा, एक सूर छेडा आणि काटा हलतो का पाहा.

एडी ३० एप्रिल २०२४ रोजी गेला, ८६व्या वर्षी. ‘रेबेल राउझर’ पुन्हा लावलंत तर पहिल्या वेळी फक्त ट्रेमोलो ऐका, तो पार्श्वभूमीसारखा सगळीकडे आहे. दुसऱ्यांदा प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर धरा आणि दांडीवरचा हात शोधा.