गोवा लिहिलं, एमजेए वाचता आलं

रोमन लिपीत गोव्याचं नाव अवघं तीन अक्षरांचं: जी, ओ, ए. तारेच्या मोर्स संकेतांत ते असं होतं: −−· −−− ·−. परवा हीच ओळ एका ऑनलाइन रूपांतरकात टाकताना मधल्या दोन मोकळ्या जागा माझ्याकडून राहून गेल्या. सलग आठ खुणा पाहून बिचाऱ्याने प्रश्नचिन्ह टाकलं आणि हात वर केले. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याच आठ खुणा −− ·−−− ·− अशा तोडल्या की एम, जे, ए होतात. एकही ठिपका इकडचा तिकडे न करता गोवा गायब!

मोर्स म्हणजे ठिपके आणि रेघा, असं आपण सरसकट म्हणतो. पण यातली तिसरी खूण म्हणजे गप्प बसणं, आणि अर्थ पुष्कळदा तिच्यावरच ठरतो. एक रेघ तीन ठिपक्यांइतकी लांब. अक्षराच्या पोटात एका ठिपक्याएवढं अंतर, दोन अक्षरांत तिप्पट, दोन शब्दांत सातपट. पडद्यावर ही शांतता दाखवायची सोय नाही, म्हणून रूपांतरक अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतो आणि शब्दांमध्ये तिरकी रेघ मारतो.

सॅम्युएल मोर्स हा मुळात चित्रकार. त्याची पहिली कल्पना अक्षरांची नव्हतीच. प्रत्येक शब्दाला एक आकडा द्यायचा, तारेवरून आकडा पाठवायचा आणि पलीकडच्याने कोशात पाहून शब्द काढायचा. अक्षरांची संकेतावली नंतर आली आणि तिच्या घडणीत आल्फ्रेड वेल या सहकाऱ्याचा मोठा वाटा मानतात. छापखान्यात कुठल्या अक्षराचे खिळे किती लागतात यावरून संकेत छोटे-मोठे ठरले, असं सांगतात. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणाऱ्या ई या अक्षराला एकच ठिपका मिळाला, क्वचित लागणाऱ्या क्यूच्या वाट्याला चार खुणा आल्या. 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश गेला.

त्या अमेरिकी संकेतावलीत एक खोच होती. दोन ठिपके जवळजवळ वाजले तर आय, मध्ये थोडी फट पडली तर ओ, आणि फट आणखी वाढली तर दोन वेगळे ई! हात जरा ढिला पडला की घोटाळा. 1848 मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रीडरिख गेर्केने अक्षराच्या पोटातल्या या फटी काढून टाकल्या. ओला सरळ तीन रेघा मिळाल्या त्या नंतर. 1865 च्या पॅरिस तार परिषदेनंतर गेर्केचीच सुधारित पद्धत, थोड्या फेरफारांसह, आंतरराष्ट्रीय ठरली. आजचे रूपांतरकही तीच वापरतात. म्हणजे नाव मोर्सचं, पण बरीचशी रचना गेर्केची.

मोर्सचं यंत्र कागदी फितीवर खुणा उमटवायचं. पण तारबाबू लवकरच फितीकडे पाहीनासे झाले, नुसत्या आवाजावरून मजकूर लिहून घेऊ लागले. वरिष्ठांना आधी हे रुचलं नव्हतं, मग मात्र त्यासाठीच ‘साउंडर’ नावाचं यंत्र आलं. त्यातून शिट्टी येत नसे. पट्टी खाली आली की एक ‘कट्ट’, वर गेली की दुसरा. त्या दोहोंमधल्या वेळावरून ठिपका की रेघ, हे कानाने ओळखायचं. तार गेली, टेलिफोन आला, तरी आपल्याकडे तारेचा आवाज ‘कडकट्ट’ असाच आठवतात.

गोव्यात या संकेतांचा विषय निघाला की मुरगाव बंदरात जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे जर्मनीची एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि द्राखेनफेल्स ही मालवाहू जहाजं आणि इटलीचं आन्फोरा इथे आश्रयाला होती. एरेनफेल्सवर दडवलेला ट्रान्समीटर असून त्यावरून ब्रिटिश जहाजांची ठिकाणं जर्मन पाणबुड्यांना कळवली जातात, असा ब्रिटिशांचा संशय. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या, वयाने पिकलेल्या हौशी घोडदळवाल्यांनी एका बार्जवरून एरेनफेल्सवर हल्ला केला. घोडदळ, तेही समुद्रात! जहाज बुडालं आणि बाकीची तीनही त्यांच्याच खलाशांनी नष्ट केली. तटस्थ बंदरातली ही कारवाई 1978 पर्यंत गुप्त होती.

दुसरा प्रसंग 18 डिसेंबर 1961 चा. सकाळी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं. त्यानंतर लिस्बनशी संपर्क राहिला तो मुरगावात नांगरलेल्या ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ या युद्धनौकेवरून. दुपारी बाराच्या सुमारास भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ बंदरात शिरल्या. तोफा डागायच्या, आणि दोन माऱ्यांच्या मध्ये मोर्समधून शरण येण्याचा निरोप द्यायचा, असं चाललं होतं. पोर्तुगीज नौकेने नांगर उचलून प्रत्युत्तर दिलं. 12 वाजून 25 मिनिटांनी तिच्यावर फुटलेल्या गोळ्यात तिचा बिनतारी अधिकारीच ठार झाला, कप्तान जबर जखमी झाला आणि थोड्याच वेळात ती किनाऱ्याला रुतली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

पुढचं थोडक्यात. 1 फेब्रुवारी 1999 पासून समुद्रावरच्या संकटसंदेशांसाठी उपग्रहाधारित व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि जहाजांवरची मोर्सची सक्ती संपली. भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये थांबली, पण तोवर मोर्सची कळ कार्यालयांतून कधीच हद्दपार झाली होती. गंमत म्हणजे मधल्या काळात, 2004 साली, या ‘मेलेल्या’ भाषेत एक नवी खूण दाखल झाली: ई-मेलच्या पत्त्यातल्या ‘ॲट’ची, ·−−·−·.

आपल्या तारखात्यात देवनागरीसाठीही संकेतावली होती. मी वापरला तो रूपांतरक मात्र ‘मडगाव’ लिहिलं की ढिम्म हलत नाही. पोर्तुगीज स्पेलिंगमधला डोक्यावर लाटेसारखी खूण असलेला ‘आ’ही आंतरराष्ट्रीय यादीत नाही, तिथे जागा आहे ती फक्त एका मात्रावाल्या ‘ई’ला. तेव्हा रोमनच लिहायचं, आणि आधी ठरवायचं: रेल्वे स्टेशनच्या पाटीवरचं सात अक्षरी ‘मडगाव’ की पोर्तुगीज वळणाचं सहा अक्षरी ‘मार्गाव’. मी दुसरं घेतलं आणि या वेळी अक्षरांमधल्या पाचही जागा मोजून सोडल्या: −− ·− ·−· −−· ·− −−−.