मोहरीची उशी बाळाच्या सामानात नको

दादरला झबली-टोपडी घ्यायला गेलं की सोबतची मावशी हमखास सांगते, "मोहरीची उशी घे गं, नाहीतर बाळाचं डोकं चपटं होईल." माझ्या बहिणीसाठी तर सातव्या महिन्यातच ती शिवून तयार होती. प्रेमानेच शिवलेली, पण मी ती काढून ठेवायला लावली.

उशीने डोक्याला आकार येतो हा समज चुकीचा आहे. बाळाच्या कवटीची हाडं जन्मतः जुळलेली नसतात, म्हणूनच ते प्रसूतिमार्गातून बाहेर येऊ शकतं. तेव्हा लांबट झालेलं डोकं काही दिवसांत आपोआप गोल होतं. पुढची टाळू भरायला साधारण दीड वर्ष लागतं. सतत एकाच कुशीवर मान राहिली तर डोकं एका बाजूने बसतं. त्यावर उपाय म्हणजे झोपवताना मानेची दिशा बदलणं आणि जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ पालथं घालणं.

उशीचा धोका मात्र खरा आहे. तोंड उशीत रुतलं तर नवजात बाळाला मान उचलून सोडवता येत नाही, श्वास कोंडतो. पहिलं वर्षभर उशी नकोच. सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा.

त्या पैशांत चार लंगोट जास्त घ्या. मुंबईच्या पावसात दोरीवरचं सुती कापड दोन-दोन दिवस ओलसर राहतं, तेव्हा डझनभर लंगोटही पुरत नाहीत. दुपट्यांना आजीचं धुऊन मऊ झालेलं लुगडं उत्तम.